तारापूरला ९३.६९ गुण: 'सेपी' म्हणजे काय आणि त्यात आजार कसे मोजतात?

पालघर जिल्ह्यातल्या तारापूर एमआयडीसीला २०१८ मध्ये १०० पैकी ९३.६९ गुण मिळाले. देशात पहिला नंबर! पण या परीक्षेत जितके गुण जास्त, तितकं प्रदूषण जास्त.

ही परीक्षा म्हणजे 'सेपी', सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ तो काढतं. ७० च्या वर गुण गेले की तो भाग 'अतिप्रदूषित'. २००९ च्या पहिल्या यादीत असे ४३ भाग होते. त्यात महाराष्ट्रातले पाच: चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर. २०१८ मध्ये १०० भाग तपासले, ३८ अतिप्रदूषित निघाले.

हवा, पाणी आणि जमीन यांचे गुण वेगवेगळे काढतात. मात्र एकूण आकडा ही त्यांची सरासरी नसते. तिघांत सर्वांत वाईट आकडा पाया धरतात, बाकीचे दोन तो आणखी वर ढकलतात. त्यामुळे हवा बरी आहे म्हणून नाल्यातल्या रासायनिक पाण्याचं पाप झाकलं जात नाही. हे चांगलंच आहे.

खरी गोम आरोग्यात आहे. २०१६ मध्ये सूत्र बदललं. नेमकेपणाने मोजता येईल तेवढंच ठेवायचं, असं ठरलं. आता १०० पैकी ५० गुण हवा-पाण्याच्या प्रत्यक्ष नमुन्यांना, २० कारखान्यांच्या स्वरूपाला, २० नियमपालनाला. माणसांच्या आजारांना उरले १०. तेही परिसरातल्या तीन ते पाच मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींवरून. म्हणजे बोईसरमधला एखादा कामगार खोकल्यासाठी गल्लीतल्या डॉक्टरकडे गेला, औषध घेऊन पुन्हा पाळीवर हजर झाला, तर त्याचा खोकला या हिशेबात येतच नाही. आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं शरीरात गेलेलं रसायन केसपेपरवर कुठे दिसणार?

तारापूरचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला तो अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने, म्हणजे मच्छीमारांच्या संघटनेने. कारखान्यांचं सांडपाणी खाडीत आणि समुद्रात जातं, ही त्यांची तक्रार होती. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना पर्यावरण भरपाई भरायला सांगितली.

तुमच्या जवळच्या एमआयडीसीचे गुण कधी वाचलेत, तर एकूण आकड्यावर थांबू नका. हवा, पाणी, जमीन यांचे वेगळे आकडे बघा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पीत असाल, तर पाणी आणि जमिनीचे आधी.