चेंडूचा वेग आणि पावलांची लय

‘बोलिंग’ हा शब्द कानीं पडतांच मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढें क्रिकेटचें मैदान उभें राहतें. परंतु ज्या खेळाचा इतिहास येथें सांगावयाचा आहे तो निराळा. यांत चेंडू टाकणारा असतो, पण फलंदाज नसतो. आणि चेंडू हवेंतून न जातां गुळगुळीत पट्टीवरून गडगडत जातो. पट्टीच्या शेवटीं बाटलीच्या आकाराचे दहा लाकडी खुंट त्रिकोणांत मांडलेले असतात व ते दोन चेंडूंत पाडावयाचे असतात. लहानपणीं लगोरी खेळलेल्या माणसास यांतील गोडी समजावून सांगण्याची गरज नाहीं. चेंडू मात्र लगोरीचा नव्हे! त्याचें वजन 16 पौंडांपर्यंत असूं शकतें, आणि टाकण्याच्या रेषेपासून पहिला खुंट 60 फुटांवर असतो. एवढें ओझें एवढ्या अंतरावर पुरेशा वेगानें व नेमक्या जागीं कसें पोंचवावें, हा प्रश्न हौशी खेळाडूपुढें पहिल्या दिवशींच उभा राहतो. आणि त्याचें उत्तर शोधण्यांत या खेळाच्या शंभरांवर वर्षांचा काळ गेला आहे.

खुंट पाडण्याचे खेळ फार जुने. जर्मनींत नऊ खुंटांचा खेळ शतकानुशतकें चालत आला, आणि डच व जर्मन वसाहतवाल्यांबरोबर असले खेळ अमेरिकेंत गेले. तेथें त्यांस जुगाराची संगत लागली. 1841 सालीं कनेक्टिकट संस्थानानें नऊ खुंटांच्या खेळावर बंदी घातली, तेव्हां खेळाडूंनीं दहावा खुंट वाढवून कायद्याला बगल दिली, अशी एक आख्यायिका सांगतात. ती मजेदार आहे. खरी मात्र दिसत नाहीं, कारण दहा खुंटांच्या खेळाचे उल्लेख त्या कायद्याच्या आधींचेहि सांपडतात. आधुनिक खेळाचा खरा पाया 9 सप्टेंबर 1895 रोजीं न्यूयॉर्कमधील बेथोवेन हॉलमध्यें घातला गेला. त्या दिवशीं अमेरिकन बोलिंग काँग्रेस ही संस्था स्थापन झाली, आणि तिनें पट्टीची लांबी, खुंटांमधील अंतर व चेंडूचें वजन यांस एकच माप लावून दिलें. तोंपर्यंत गांवोगांवचे नियम वेगळे असल्यामुळें कोणाची टाकण्याची पद्धत अधिक चांगली हें ठरविण्यास साधनच नव्हतें.

आरंभीं चेंडू लिग्नम व्हिटी नांवाच्या अतिशय कठीण लाकडाचे असत. 1905 च्या सुमारास त्यांच्या जागीं कठीण रबराचे चेंडू येऊं लागले. जड वस्तु दूर धाडावयाची म्हटली कीं माणूस साहजिकच दंडाच्या बळावर भिस्त ठेवतो. या बळाचा परिणाम भोगणारें एक मनुष्य पट्टीच्या पलीकडच्या टोकास बसलेलें असे, हें मात्र खेळणाऱ्याच्या ध्यानांत क्वचितच येई. पडलेले खुंट उभे करण्याचें व चेंडू परत लोटण्याचें काम त्या काळीं पोरें करीत. चेंडू येत असतां पोरानें खड्ड्याच्या वरच्या कडेवर पाय आंखडून बसावें, तो आदळला कीं खालीं उतरावें आणि पुढचा चेंडू येण्याच्या आंत पुन्हां वर चढावें, असा तो व्यवसाय होता. जोराच्या चेंडूनें उडालेला साडेतीन पौंडी खुंट कोठें लागेल याचा नेम नसे. छायाचित्रकार लुइस हाइन यानें 1910 च्या सुमारास ब्रुकलिनमध्यें व अन्यत्र मध्यरात्रीपर्यंत राबणाऱ्या अशा पोरांचीं छायाचित्रें घेतलीं. बालमजुरीविरुद्धच्या चळवळींत तीं पुरावा म्हणून उपयोगीं पडलीं. 1946 सालीं बफेलो येथील राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळीं खुंट मांडणारें यंत्र लोकांस दाखविण्यांत आलें, आणि 1950 नंतरच्या दशकांत त्या यंत्रानें पोरांची जागा घेतली. खड्ड्यांतून माणूस उठला तेव्हांच वेग हा निव्वळ खेळाडूचा प्रश्न झाला.

पण हा वेग येतो कोठून? चेंडू धरलेला हात खांद्यापासून सैल सोडला तर तो घड्याळाच्या लंबकासारखा झोके घेतो. लंबकाच्या झोक्याला लागणारा वेळ टोकाच्या वजनावर अवलंबून नसून लांबीवर अवलंबून असतो, आणि झोका फार मोठा नसला तर लहानमोठेपणानें त्या वेळेंत फारसा फरक पडत नाहीं, हें गॅलिलिओनें दाखवून दिलें. अर्थात् मालकाला घाई आहे म्हणून चेंडू लवकर खालीं येत नाहीं. झोक्याच्या माथ्यावरून 4 फूट खालीं येणारा चेंडू केवळ गुरुत्वाकर्षणानें सेकंदास सुमारें 16 फूट वेग घेतो. 60 फूट अंतर अडीच सेकंदांत तोडावयाचें तर सरासरी सेकंदास 24 फूट, म्हणजे तासाला सोळा मैलांहून किंचित् अधिक, वेग हवा. उरलेली भरती पावलांच्या चालीनें व सोडतेवेळच्या हलक्या जोरानें होते. दंडाच्या हिसक्याची तेथें गरजच पडत नाहीं.

म्हणूनच चार पावलांची चाल रूढ झाली. उजव्या हातानें खेळणारा पहिलें पाऊल उजवें टाकतो व त्याच क्षणीं चेंडू पुढें सारतो. दुसऱ्या पावलास चेंडू खालीं येऊन पायाजवळून मागें जातो. तिसऱ्यास तो मागच्या झोक्याच्या माथ्यावर असतो. आणि चौथ्यास डावा पाय घसरत रेषेपाशीं थांबतो तोंच चेंडू घोट्याजवळून सुटतो. नवशिक्याची चूक बहुधा पहिल्याच पावलांत होते. चेंडू पुढें सारण्यास उशीर झाला कीं पाय रेषेपाशीं आधीं पोंचतात, चेंडू मागेंच राहतो, आणि मग तो खेंचून आणावा लागतो. खेंचलेला चेंडू वेगहि गमावतो व दिशाहि. झोपाळ्याला अवेळीं धक्का देणाऱ्या पोराची जी गत होते तीच येथें. ज्यास वेग वाढवावयाचा असेल त्यानें चेंडू कंबरेऐवजीं छातीच्या उंचीवर धरून चाल सुरू करावी, म्हणजे झोका आपोआप मोठा होतो. पहिलीं दोन पावलें सावकाश टाकून शेवटचीं दोन चपळ करावीं. आणि मूठ घट्ट आंवळावी लागत असेल तर खुशाल हलका चेंडू घ्यावा. वेग कमी करावयाचा झाल्यास हेंच उलट.

ही विद्या सर्वांस सारखी खुली मात्र नव्हती. स्त्रियांनीं 1916 सालीं सेंट लुइस येथें आपली वेगळी संस्था काढली. अमेरिकन बोलिंग काँग्रेसच्या घटनेंत तर सभासदत्व गोऱ्या पुरुषांपुरतेंच होतें. तेव्हां कृष्णवर्णीय खेळाडूंनीं 1939 सालीं डेट्रॉइट येथें स्वतःची संघटना उभारली. लंबकाचा नियम वर्ण पाहत नव्हता, संस्थेचा पाहत होता. 1950 सालीं तें कलम रद्द झालें, पण तोंवर कित्येकांचीं उमेदीचीं वर्षें राष्ट्रीय स्पर्धेच्या दाराबाहेरच सरलीं होतीं. पायांची लय पुस्तक वाचून येत नाहीं; चांगल्या पट्टीवर, चांगल्या खेळाडूंच्या शेजारीं, पुष्कळ संध्याकाळीं घालवून ती अंगीं बाणते. दार बंद ठेवण्यांतील खरा अन्याय तो हा.

बळापेक्षां लय श्रेष्ठ, याचें उदाहरण म्हणजे इटलींत जन्मलेला अँडी व्हॅरिपापा. 1946 सालीं वयाच्या 55 व्या वर्षीं त्यानें ऑल-स्टार स्पर्धा जिंकली, आणि पुढच्या वर्षीं ती पुन्हां जिंकून दाखविली. उलट सेंट लुइसचा डॉन कार्टर कोपर वांकवून, गुडघे खूप खालीं नेऊन चेंडू जणूं ढकलीत असे. सरळ हाताच्या लंबकाचे पुरस्कर्ते तोंडांत बोट घालीत, तरी तो वर्षांतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून सहा वेळां निवडला गेला. त्याचे पाय व हात बरोबर एकाच वेळीं पोंचत, हें त्याचें मर्म होतें. पुढच्या पिढींत अर्ल अँथनी व मार्क रॉथ ही जोडी गाजली. रॉथची चाल वेगवान, चेंडूला पिळ जबरदस्त. 1978 या एका वर्षांत त्यानें 8 विजेतेपदें मिळविलीं. डावखोरा अँथनी संथ आणि अचूक. त्याच 1978 सालीं त्याला हृदयविकाराचा झटका आला. तथापि 1981 पासून सलग तीन वर्षें वर्षांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यानेंच घेतला. दोघांत श्रेष्ठ कोण हा वाद रसिकांनीं घालीत बसावें. हौशी माणसानें अनुकरण करावयाचें तर तें अँथनीचें करावें. रॉथचा आंगठा सोलवटून निघत असे, आणि तो त्याचा धंदा होता.

वेगाला वरची मर्यादाहि असते. पट्टीच्या पुढच्या भागावर तेल असतें. त्यावरून चेंडू घसरतो, पुढें कोरड्या भागावर पकड घेतो आणि वळतो. सुमारें 6 अंशांच्या कोनानें तो पहिल्या खुंटाच्या बगलेंत शिरला म्हणजे दहाहि खुंट पडण्याचा संभव सर्वांत अधिक. फाजील वेगाच्या चेंडूला वळण्यास अवसरच मिळत नाहीं. रबरानंतर प्लॅस्टिक, 1980 नंतर युरेथेन व 1990 नंतर रेझिन यांचे चेंडू आले आणि पकड वाढत गेली, तसतसा वेग व वळण यांचा मेळ घालणें अधिक नाजूक झालें.

या नव्या चेंडूंच्या काळांतला थोर खेळाडू ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँटी. न्यू साउथ वेल्समधील ऑरेंज गांवीं त्याच्या आईबापांचें बोलिंगचें केंद्र होतें. तेथें दीड वर्षाच्या या मुलास चेंडू एका हातानें उचलेना, म्हणून तो दोन्ही हातांनीं लोटूं लागला. आणि मोठेपणींहि त्यानें ती संवय सोडली नाहीं. पुष्कळांनीं त्याला नांवें ठेविलीं. त्यानें मोठ्या स्पर्धांतील 15 विजेतेपदें मिळवून विक्रम केला. दुसऱ्या हातामुळें चेंडूला पिळ भरपूर मिळतो व आंगठा भोंकांत घालावा लागत नाहीं. पण रेषेपाशीं येतांना त्यालाहि डावा पाय घसरवीतच थांबावें लागतें, आणि चेंडू त्याच घटकेस तेथें असावा लागतो.