कलावंतांच्या करमाफीची कुळकथा

कलावंतांनी आपल्याकडे राहावे म्हणून त्यांचा कर माफ करायचा, ही युक्ती रूढ केली आयर्लंडने. या देशाचे लेखक बाहेरच रमत; जॉइस आणि बेकेट दोघेही पॅरिसवासी झाले होते. 1969 मध्ये अर्थमंत्री चार्ल्स हॉही यांनी वित्त कायद्यात नवे कलम घातले. देशात राहणाऱ्याला पुस्तक, नाटक, संगीतरचना, चित्र वा शिल्प यांतून मिळणाऱ्या कमाईवर प्राप्तिकर लागणार नव्हता. मात्र कृती अस्सल नवनिर्मिती हवी आणि तिला कलात्मक वा सांस्कृतिक मोल हवे. ते मोल ठरवणार कोण? तर करखाते! कादंबरीची पारख अशी हिशेबनिसांच्या टेबलावर आली.

शेजारच्या ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात कमाईवरचा कर 83 टक्क्यांपर्यंत चढला, तेव्हा फ्रेडरिक फोर्सिथसारखे भरपूर खपाचे लेखक आयर्लंडला येऊन राहिले.

ही युक्ती शहराच्या हद्दीत बसवली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सने. ऱ्होड आयलंड राज्याच्या या राजधानीचा मध्यभाग ओस पडत चालला होता. महापौर बडी सियान्सी यांच्या पुढाकाराने 1996 मध्ये राज्याने कायदा केला: शहरातल्या आखून दिलेल्या भागात राहून तिथेच काम करणाऱ्या कलावंताला कलाकृतींच्या उत्पन्नावर राज्याचा प्राप्तिकर माफ, आणि तिथल्या विक्रीवर विक्रीकरही माफ. मिरवायला शहर मोकळे. महसूल सोडायचा तो राज्याने. मग शेजारचे पॉटकेट कसे मागे राहील? बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या त्या गावाने 1998 मध्ये तीच सवलत मिळवली. अखेर 2013 मध्ये मूळ कलाकृतींवरचा विक्रीकर राज्यभर उठला आणि त्या बाबतीत कुठल्याच शहराचे वेगळेपण उरले नाही.

या चढाओढीतली खरी अडचण वेगळीच आहे. माफीचा लाभ होतो तो कर लागण्याइतके कमावणाऱ्याला. ज्याची चित्रेच विकली जात नाहीत, त्याला माफ काय करणार? त्याला भाड्याची चिंता असते. उलट बड्यांचे पाय हलकेच. आयर्लंडने 2007 पासून माफीला अडीच लाख युरोंची मर्यादा घालायचे ठरवताच यू टू या डब्लिनच्या बँडने गीतांच्या स्वामित्वधनाचा कारभार नेदरलँड्सला हलवला.

पुढे ही मर्यादा 50,000 युरोंवर आली. माफी आजही आहे; पण 2022 मध्ये त्याच आयर्लंडने सोडत काढून 2,000 कलावंतांना आठवड्याला 325 युरो द्यायला सुरुवात केली. नावाजलेल्यांना बोलवायला करमाफी पुरते. होतकरूंना टिकवायचे तर सरकारला गाठीचे पैसे मोजावे लागतात.