बलरामाची आई कोण?



वारीच्या वाटेवर आपण लहानथोर सगळ्यांनाच ‘माउली’ म्हणतो. आई कुणाला म्हणावे, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. पण आज काही घरांत तो पडतो. एखादी बाई दुसरीचे स्त्रीबीज घेऊन नऊ महिने गर्भ वाढवते, बाळंत होते, बाळाला पाजते. आणि रात्री त्याच्याकडे पाहताना तिच्या मनात येते, मी याची खरी आई ना?

हा प्रश्न फार जुना नाही. 1978 साली इंग्लंडमध्ये पहिले ‘टेस्ट ट्यूब’ बाळ जन्मले. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी अशीच एक मुलगी जन्माला आली. या बाळांचे बीज त्यांच्या आईचेच होते. मात्र 1984 साली कॅलिफोर्नियात वेगळे घडले. एका स्त्रीच्या पोटात फलित झालेले बीज दुसरीच्या कुशीत ठेवले गेले आणि दुसरीने बाळाला जन्म दिला. तोवर ‘जिच्या पोटी जन्मला, ती आई’ एवढे पुरत होते. आता बीज एकीचे आणि कूस दुसरीची झाली.

मग कायद्याला बोलावे लागले. ब्रिटनच्या 1990 च्या कायद्याने गर्भ वाहणारीलाच आई ठरवले. आपल्याकडे 2021 चा कायदा सांगतो की दात्री 23 ते 35 वर्षांची असावी, तिने आयुष्यात एकदाच बीज द्यावे आणि मुलावर हक्क सांगू नये. मूल उपचार घेणाऱ्या जोडप्याचेच. हक्काचा प्रश्न असा सुटला. मनाचा राहिला.

त्यासाठी भागवताचा दशम स्कंध आठवावा. देवकीचा सातवा गर्भ योगमायेने गोकुळात रोहिणीच्या उदरी नेला. तोच बलराम. पुराणात आजचे वैद्यक शोधायला नको. पाहायचे ते त्याच्या नावांकडे. गर्भ ओढून नेला म्हणून तो संकर्षण. म्हणजे जन्माची गोष्ट कुणी लपवली नाही, नावातच ठेवली. तरीही तो रोहिणीनंदनच राहिला. धाकटा कृष्ण तर देवकीनंदनही आणि यशोदानंदनही. एका नावाने दुसरे पुसले नाही.

आपले संतही हेच दाखवतात. नाथमहाराजांना आजोबांनी वाढवले. जनाबाई नामदेवांच्या घरी वाढल्या. ज्ञानोबारायांना आपण माउली म्हणतो आणि विटेवरच्या सावळ्याला विठाई. आपल्याकडे आईपण रक्ताने मोजलेले नाही. लेकरासाठी कोण झिजले, यावर ते ठरले.

म्हणून त्या बाईने शंका सोडावी. तिने आपल्या रक्तावर गर्भ पोसला, आता जिवावर लेकरू पोसते आहे. ती आईच. पण दात्रीनेही अनेक दिवस इंजेक्शने सोसली, शरीराला धोका पत्करला. तिला विसरू नये. लेकराला समज येईल तसे प्रेमाने सारे सांगावे, आणि देवापुढे दिवा लावताना त्या अनोळखी बाईसाठीही हात जोडावेत. यशोदेचे यशोदापण देवकीचे नाव घेतल्याने कधी उणे झाले नाही.