बी.डी.डी. चाळी : कापूस, कर आणि कामगारांची घरे

मुंबईच्या कामगार वसाहतींचा इतिहास बहुतांशी मुंबईपुरताच लिहिला गेला आहे. वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) व शिवडी येथील बी.डी.डी. चाळींच्या बाबतीत ही मर्यादा विशेष जाणवते. कारण या चाळींसाठी लागलेल्या पैशाचा एक मार्ग थेट कापूस पिकविणाऱ्या प्रदेशांतून, म्हणजेच खानदेश-वऱ्हाडातून, जात होता.

सर जॉर्ज लॉईड गव्हर्नर असताना १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे स्वतंत्र खाते स्थापन झाले. प्लेग आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांमुळे कोंदट वस्तीचा प्रश्न सरकारला टाळता येण्यासारखा राहिला नव्हता. गिरणी कामगारांच्या वाढत्या संपांचाही तो काळ होता. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प जाहीर झाला आणि त्याच्या अर्थसाहाय्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसविण्यात आला. हा कर व्यापाऱ्याकडून वसूल होत असला, तरी त्याचा काही भार खरेदीच्या भावातून शेतकऱ्यापर्यंत पोचला असावा, असे मानण्यास जागा आहे. (अमळनेरच्या प्रताप मिलने स्थानिक बाजारात घेतलेला कापूस मुंबईला जातच नव्हता, त्यामुळे तो या करातून आपोआप सुटला.) शेतकऱ्याच्या मालावर कर आणि कामगाराला घर, अशी ही रचना होती. ज्यांच्या नफ्यासाठी हा कामगार शहरात आणला गेला, त्या गिरणीमालकांवर घरबांधणीची थेट सक्ती मात्र करण्यात आली नाही.

प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या : वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला व त्यावर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर मधून जाणारा बोळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. अशा ८० खोल्यांची एक चाळ. खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक.

या रचनेतील मधला बोळ हा सर्वांत बोलका भाग होय. खासगी मालकांच्या जुन्या चाळींत खोल्यांसमोर उघडी गॅलरी असे. तेथे उजेड, वारा आणि शेजार एकत्र मिळत. एकाच बोळावर दोन्हीकडे खोल्या काढल्याने जागेची व खर्चाची बचत झाली, पण बोळ काळोखा राहिला आणि खोलीला एकाच बाजूने हवा मिळू लागली. सिमेंट काँक्रीट हे त्या काळी आधुनिकतेचे चिन्ह होते, हे खरे. तथापि येथे ते हिशेबाच्या वहीतून उतरले होते. भाडे, गिरणीपासूनचे अंतर व गैरसोयी यांमुळे अनेक खोल्या काही वर्षे रिकाम्या राहिल्या आणि ५० हजारांचा संकल्प सुमारे १६ हजारांवर थांबला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा उपयोग तात्पुरता तुरुंग म्हणून झाला. घर म्हणून बांधलेली इमारत फारसा बदल न करता तुरुंग होऊ शकते, ही गोष्ट त्या आराखड्याविषयी पुष्कळ सांगते.

याच दशकात बर्लिनमध्ये टेम्पलहोफच्या मैदानावर १९२३ मध्ये विमानतळ सुरू झाला आणि त्याच मैदानाच्या पश्चिमेस बागांनी वेढलेली घरांची वसाहत उभी राहत होती. जवळच ब्रिट्झ येथे १९२५ पासून ब्रूनो टाउट व मार्टिन वाग्नर यांनी नालाच्या आकाराची वसाहत रचली. २००८ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. योगायोग असा की टेम्पलहोफ विमानतळ त्याच वर्षी बंद झाला. तेथील पैसाही करातूनच आला. मात्र तो १९२४ पासून जुन्या घरांच्या मालकांवर बसविलेला कर होता. अर्थात तेथील भाडे सर्वांत गरीब कामगाराला परवडत नसे, हेही विसरता येत नाही.

बी.डी.डी. चाळींना घरपण आले ते रहिवाशांमुळे. कोकण, घाट व देशावरून आलेली कुटुंबे, मोठी दलित वस्ती, व्यायामशाळा, मंडळे, भजने आणि कामगार संघटना यांनी बोळाला व मोकळ्या मैदानांना अर्थ दिला. या सहजीवनाचे केवळ गौरवीकरण करणे योग्य नाही. जानेवारी १९७४ ची वरळीची दंगल याच चाळींत पेटली होती.

शिवडीच्या चाळी बंदर प्राधिकरणाच्या जमिनीवर असल्याने उरलेल्या तीन ठिकाणच्या १९५ चाळींचाच पुनर्विकास म्हाडाकडे आला. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. प्रत्येक घर ५०० चौरस फुटांचे, म्हणजे जुन्या खोलीच्या तिपटीहून मोठे, आणि शौचालय घरातच. चार पिढ्यांनी सामाईक शौचालयापुढे रांग लावल्यानंतर या घरांना वारशाच्या नावाने विरोध करणे कोणत्याही अभ्यासकास शोभणारे नाही. तथापि चाळी पाडण्यापूर्वी त्यांचे नकाशे, भाडेपावत्या व रहिवाशांच्या आठवणी यांची पद्धतशीर नोंद होणे आवश्यक आहे. त्या नोंदीत गासडीमागच्या एका रुपयाचाही शोध घ्यावा लागेल, आणि त्याची कागदपत्रे मुंबईइतकीच जळगाव, धुळे व अमळनेर येथील जुन्या जिन-प्रेस व अडत्यांच्या वह्यांतून धुंडाळावी लागतील.