एका पौंडाची आगबोट

भिवंडीतील निजामपुरा म्हटला की यंत्रमागांची खडखड डोळ्यांसमोर नव्हे, आधी कानांत उभी राहते. नगराच्या अधिकृत नावातही भिवंडी आणि निजामपूर ही जोडी कायम आहे. परंतु याच गावात ‘बंदर मोहल्ला’ नावाची वस्ती आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. बंदर गेले, नाव तेवढे मागे राहिले. कामवारी नदीच्या काळवंडलेल्या पाण्याकडे पाहताना, येथे एके काळी भरतीबरोबर पडाव आत येत आणि ओहोटीबरोबर वसईच्या खाडीकडे परतत, हे आज सांगूनही पटत नाही.

वसईकर वाचकांना तर या काठाविषयी विशेष आपुलकी वाटावी असे कारण आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि लवकरच या खाडीत त्यांच्या आरमाराची गलबते बांधली जाऊ लागली. त्या कामावर रुय लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज माणसाच्या हाताखाली वसईकडचे कारागीर होते. आपल्याच शेजारी नवे आरमार उभे राहते आहे, हे ध्यानात येताच पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवून परत नेले. कारागीर गेले, पण आरमार थांबले नाही. ही गोष्ट १६५९च्या सुमाराची.

पुढे १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि १८५४ साली ती कल्याणपर्यंत पोहोचली. भिवंडी लोहमार्गापासून दूर राहिली. माल आणि माणसे हळूहळू पाण्यावरून रुळांवर, रुळांवरून रस्त्यावर गेली. बंदर एका दिवसात बुडत नाही. गाळ साचावा तसे ते विस्मृतीत जाते.

जी गत खाडीतील पडावांची झाली, तीच पुढे कोकण किनाऱ्यावरील आगबोटींची झाली. स्वदेशीच्या काळात आपल्या लोकांनी भागभांडवल जमवून एक जहाज कंपनी काढली. लोक तिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या आगबोटींची नावे पाहा: तुकाराम, रामदास, सेंट अँथनी, सेंट झेवियर. एकाच धक्क्यावर वारकऱ्यांचे संत आणि आमचे संत शेजारी शेजारी नांगर टाकून उभे असत! गणपतीला जाणारा चाकरमानी आणि नाताळला गोव्याकडे निघालेला ख्रिस्ती खलाशी, दोघेही आगबोटीच्याच वाटेने घरी जात. पण आज त्यांपैकी किती बोटी पाहायला मिळतात? एकही नाही. आमच्या स्मरणात राहिले ते केवळ अपघात. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ भर पावसात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली.

आता त्याच १९४७ सालातील एक दुसरी बोट पाहू. ‘रामदास’ बुडण्याच्या अवघा महिनाभर आधी, जून महिन्यात, स्कॉटलंडमधील क्लाइड नदीच्या खाडीत ‘वेव्हर्ली’ नावाची नवी आगबोट प्रवाशांच्या सेवेत दाखल झाली. तिच्या आधीची याच नावाची बोट मे १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिकांना सोडविताना बॉम्बहल्ल्यात बुडाली होती. तिची जागा भरून काढण्यासाठी एका रेल्वे कंपनीने ही नवी बोट ग्लासगो येथे बांधून घेतली. आमच्याकडे आगगाडीने बंदर ओस पाडले. तेथे आगगाडीचे उतारू पुढे पाण्यावरून नेण्यासाठी आगगाडीवाल्यांनीच बोट बांधली. तिच्या दोन्ही कुशींना मोठी चाके आहेत. वाफेच्या जोरावर ती फिरतात, पाणी मागे लोटतात आणि सुमारे ७३ मीटर लांबीची बोट पुढे सरकते.

पंचवीस वर्षांत तिच्यावरही तीच वेळ आली. मोटारी वाढल्या, मोटारी वाहणाऱ्या बोटी आल्या, वाफेचा खर्च परवडेना. १९७३च्या हंगामानंतर तिला सेवेतून काढण्यात आले. तिचे आता भंगारच व्हायचे होते. परंतु जुन्या चाकाच्या बोटींच्या जतनासाठी १९५९ साली स्थापन झालेली हौशी माणसांची एक संस्था पुढे आली आणि ऑगस्ट १९७४ मध्ये कंपनीने ही बोट तिला एका पौंडाला विकली. एक पौंड! पण खरी किंमत पुढे मोजायची होती. लोकांपुढे झोळी पसरण्यात आली, स्थानिक नगरपालिकांनीही हातभार लावला. स्वयंसेवकांनी सुटीचे दिवस गंज खरवडण्यात, रंग देण्यात आणि डेक धुण्यात घालविले. ही बोट पुन्हा चालेल, असे फार थोड्यांना वाटत होते. मे १९७५ मध्ये ती प्रवासी घेऊन निघाली.

ही कथा येथे संपत नाही, आणि आम्हाला तिचा खरा बोध पुढच्या भागातच दिसतो. १९७७ साली ती खडकावर आदळली, दुरुस्त झाली. पुढे दोनदा तिचे बॉयलर बदलावे लागले. २००० ते २००३ या काळात तिची मोठी पुनर्बांधणी झाली. बॉयलर निकामी झाल्यामुळे २०१९चा संपूर्ण हंगाम वाया गेला. तेव्हा पुन्हा वर्गणी जमली, सुमारे तेवीस लाख पौंड उभे राहिले आणि २०२० साली ती परत पाण्यात आली. दगडी किल्ला एकदा डागडुजी केला की काही काळ तग धरतो. बोटीचे तसे नाही. तिला दरवर्षी वाचवावे लागते. ज्या दिवशी माणसे दमतात, त्या दिवशी तिचे लोखंड होते. म्हणून वाचविणे ही एका दिवसाची वीरश्री नसून पिढ्यान्‌पिढ्यांची चाकरी आहे.

यात आम्ही आपल्या वाडवडिलांना बोल लावू इच्छित नाही. ज्यांना बोटीचे तिकीट काढतानाच कनवटीचे पैसे मोजावे लागत, त्यांनी बोट जपावी कशी? शिवाय आमच्या बोटी मरेपर्यंत राबल्या. शोभेसाठी उभे राहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पण आज परिस्थिती तशी नाही. २०२४ साली वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये मोटारींसह माणसे नेणारी बोट सुरू झाली. पाण्याची वाट पुन्हा उघडते आहे, हा शुभशकुन आहे. अशा वेळी जुन्या वाटेच्या खुणा पुसून जाऊ देणे आम्हाला शोभणार नाही.

आमच्याकडे वाचवायला ‘वेव्हर्ली’ उरलेली नाही. पण तरीवर वल्हे मारलेले हात अजून आहेत. पडावाच्या शिडांना, दोरांना, भरतीच्या वेळांना आमच्या बोलीत जे शब्द होते, ते जाणणारे तांडेल अजून आहेत. कोणाच्या माळ्यावर बोटीचे तिकीट, कोणाच्या पेटीत खलाशाची वही असेल. वाचकहो, ते आजच बाहेर काढा. घरातील वृद्धांना विचारा आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. एखादी जुनी होडी काठावर कुजत पडली असेल, तर चार तरुणांनी मिळून तिच्या फळ्या सांधाव्यात. आरंभाला एक पौंड पुरला होता. नंतर लागले ते हात, आणि हात आमच्याकडेही आहेत.