खजुराचं ताट आणि आपला राग

परवा रात्री पान लावायच्या घाईत डीटीपी करणाऱ्या पोरावर मी उगाच ओरडलो. चूक त्याची नव्हतीच. दिवसभरात पोटात चार चहा आणि एक वडापाव, दोन रात्री धड झोप नाही. घरी आल्यावर अबू बक्र अल्-राझी आठवला.

राझी हा आजच्या तेहरानजवळच्या रय शहराचा हकीम, हजारेक वर्षांपूर्वीचा. रय आणि बगदाद, दोन्हीकडच्या इस्पितळांचा प्रमुख. रयच्या सुभेदारासाठी त्याने शरीराच्या वैद्यकावर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या जोडीला दुसरा, 'अल्-तिब्ब अल्-रूहानी', म्हणजे आत्म्याचं वैद्यक. २० प्रकरणं. त्यात राग, मत्सर, खोटेपणा यांच्याच रांगेत खादाडपणा आणि दारू. म्हणजे ताटातली हाव आणि मनातली हाव एकच, असा हिशेब.

त्यातला एक किस्सा भारी आहे. बगदादमध्ये राझी एकासोबत खजूर खायला बसला. हा बेताने खाऊन थांबला, त्या गृहस्थाने ताट जवळजवळ संपवलं. "पोट भरलं का?" विचारलं, तर म्हणे, पुन्हा पहिल्यासारखी भूक लागावी आणि हे ताट आत्ताच समोर आलेलं असावं! राझीचं म्हणणं, खाऊनही हाव मिटत नसेल, तर आधीच थांबलेलं काय वाईट? पोट तरी बिघडलं नसतं.

त्यानंतरचा मिस्कवय्ह. जन्म ९३२ च्या आसपासचा, मृत्यू १०३०. पेशाने ग्रंथपाल आणि इतिहासकार. 'तहझीब अल्-अख्लाक' या नीतिग्रंथात तो मुलांना वळण कसं लावायचं ते सांगतो: साधं जेवण, झोप बेताची, गाद्यागिरद्यांचे लाड नकोत, चालणं आणि व्यायाम हवाच. अन्नाकडे भुकेवरचं औषध म्हणून बघा, म्हणतो. आणि प्रामाणिकपणे कबूल करतो की आपण स्वतः हे उशिरा शिकलो, सवयी मुरल्यावर, हळूहळू.

हे वाचून मला जरा धीर आला. चाळिशीनंतरही जमतं म्हणायचं.

राझीने आणखी एक सांगून ठेवलंय. आपले दोष आपल्याला दिसत नाहीत, म्हणून एखाद्या शहाण्या मित्राला ते सांगायला लावा, आणि त्याने सांगितले की चिडू नका, आभार माना.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराची माफी मागितली. तो हसून म्हणाला, "सर, तुम्ही आधी जेवत जा."

मी आभार मानले. तुम्हाला असं सांगणारं कोणी आहे का?