पेशींचा कस

विट्याच्या माणसाला कस म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आपल्या खानापूर तालुक्यातले गलाईवाले सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर पांगले आहेत. लगडीचा एवढासा तुकडा घेऊन साऱ्या लगडीची परीक्षा करता येते, हे त्यांच्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते. माणसाच्या शरीराचीही अशीच परीक्षा होते. गाठीचा हरभऱ्याएवढा तुकडा काढतात, त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि रोग साधा की घातकी याचा निवाडा देतात. आम्ही डॉक्टर नव्हे. पण कामगारांबरोबर दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवताना या निवाड्याची वाट आम्ही अनेकदा पाहिली आहे, आणि त्यातूनच या विद्येचा इतिहास धुंडाळण्याचा नाद लागला.

या विद्येचा पाया जर्मनीतल्या रुडॉल्फ व्हिर्शो याने घातला, आणि तोही व्याख्यानमालेतून, हे आपल्या या उत्सवात मुद्दाम सांगितले पाहिजे. 1858 साली बर्लिनमध्ये त्याने डॉक्टरांपुढे वीस व्याख्याने दिली. रोगाचे घर रक्तात किंवा पित्तात शोधू नका, पेशीत शोधा. आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते, हे त्यांचे सार. पण आम्हांला या माणसाविषयी जो जिव्हाळा वाटतो तो त्याच्या दहा वर्षे आधीच्या कामामुळे. 1848 मध्ये सायलेशियात टायफसची साथ आली, तेव्हा प्रशियाच्या सरकारने या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरला पाहणीला पाठवले. परत येऊन त्याने औषधांची यादी दिली नाही. लोकशाही, शिक्षण आणि पोटभर अन्न हाच या साथीवरचा उपाय, असे त्याने सरकारला लेखी कळवले आणि त्याच वर्षी बर्लिनच्या रस्त्यावर बंडखोरांच्या बाजूने उभा राहिला. पेशीत रोग पाहणाऱ्याला त्या पेशीभोवतीचा माणूस दिसत होता.

आता तुकड्याचे काय होते ते पाहू. प्रथम तो फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, म्हणजे तो सडत नाही व घट्ट होतो. मग अल्कोहोलने त्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात, आणि मेणाच्या त्या वडीचे धारदार यंत्रावर तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन! हे काप फितीसारखे कोमट पाण्यावर तरंगतात, तेथून अलगद काचेवर उचलायचे. यंत्र असले तरी सारी मदार हातावर. काप सुरकुतला की निवाडा बिघडला. अहवालावर सही डॉक्टरची असते, काप घेणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव बहुधा कोठेच नसते. मागावर बसणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, कारण कापडावर तरी विणणाऱ्याचे नाव कोठे असते?

आणि रंग तर थेट आपल्याच धंद्यातले. बिनरंगी काप काचेवर जवळजवळ दिसतच नाही. म्हणून पेशीचे केंद्र निळे-जांभळे करणारे हिमॅटॉक्सिलिन वापरतात. ते मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघते आणि कापड रंगवण्यासाठी ते पूर्वीपासून चालत होते. तेही तुरटीसारख्या क्षाराशिवाय नीट धरत नाही, हे कोणत्याही रंगाऱ्याला लगेच पटेल. बाकी भाग गुलाबी करणारा इओसिन हा 1870 नंतरच्या दशकातला, डांबरापासून केलेला जर्मन रंग.

महाराष्ट्रात ही विद्या रुजवली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. 1895 चा जन्म, मूळ गोमंतकातले घराणे, लंडनमध्ये विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण. मुंबईत अध्यापन केल्यावर ते परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. हे रुग्णालय 1941 च्या फेब्रुवारीत, गिरण्यांच्या चिमण्यांमध्ये उघडले. आपल्या सातारा-सांगलीकडची हजारो माणसे तेव्हा त्या गिरण्यांत राबत होती. खानोलकरांचा मोठेपणा असा, की काचेवरची पेशी पाहून ते थांबले नाहीत. हा रोगी कोणत्या मुलखातला, काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हे त्यांनी विचारले. 1945 मध्ये त्यांनी व सूर्याबाई यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात, चुना-तंबाखू ओठाखाली धरणाऱ्यांचा ओठाचा कर्करोग आणि धोतर कमरेला जेथे करकचून बांधतात तेथे होणारा कर्करोग, यांचे वर्णन आहे. आपल्याकडची मिश्री आणि चुना-तंबाखू आठवावी. पुढे 1952 मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, त्याचेही संचालक तेच. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा तेथे उभारली.

पण परळ झाले, खेड्याचे काय? 1943 मध्ये पापानिकोलाऊ आणि ट्राउट यांचे पुस्तक निघाले आणि गर्भाशयाच्या मुखावरून खरवडलेल्या पेशींवरून कर्करोग आधीच ओळखण्याची रीत जगभर गेली. आपल्याकडे ती खेड्यात कितपत उपयोगी पडते, हे टाटा केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांनी उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात तपासले. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया, गावांचे 52 गट. 2009 साली निकाल छापला गेला तो असा: विषाणूची एकच तपासणी ज्यांची झाली, त्यांच्या गटात 34 मृत्यू; तपासणी न झालेल्यांत 64. पेशी पाहण्याच्या रीतीने मात्र मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. ज्या गटाला तपासणी दिली नाही त्यावरून पुढे टीका झाली, आणि ती आम्हांलाही रास्त वाटते. त्या 64 जणी कोणाच्या तरी आया होत्या.

आमच्या ओळखीच्या एका कामगाराच्या मानेची गाठ एका दवाखान्यात काढली आणि तुकडा तसाच फेकून दिला. वर्षाने गाठ पुन्हा आली, तेव्हा पहिली कशाची होती हे सांगायला कोणाकडे काहीच नव्हते. तुकडा तपासायला पाठवला असता तर मेणाची वडी राहिली असती. ती वर्षानुवर्षे टिकते, तिचे नवे काप घेता येतात, आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असल्यास रोग्याला ती मागून मिरजेला किंवा परळला नेता येते. काडेपेटीहूनही लहान असते ती, एस. टी.त शर्टाच्या खिशात मावते.